चुंबक पाहणारे चुंबक

अकोल्याहून वाशिमच्या रस्त्याला लागले की पातूरनंतर घाट चढावा लागतो, आणि पठारावर आल्यावर मेडशी लागते. मालेगाव तालुक्यातले हे गाव पूर्णपणे बेसाल्टवर वसलेले आहे. शेतातला धोंडा बेसाल्टचा, जुन्या विहिरीचे बांधकाम बेसाल्टचे, आणि कापूस-सोयाबीन पिकवणारी काळी मातीही त्याच खडकाचा झिजून झालेला भुगा. पावसाळा सरल्यावर इथल्या कुठल्याही नाल्याच्या वाळूत जुन्या स्पीकरमधले चुंबक फिरवले तर त्याला बारीक काळ्या कणांच्या मिशा फुटतात. खेड्यातल्या पोरांचा हा आवडता खेळ. ते कण प्रामुख्याने मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांच्या एका संयुगाचे. दख्खनच्या बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइटात थोडे टायटॅनियमही मिसळलेले असते.

आपल्याला मागोवा घ्यायचा आहे तो मात्र मेडशीपासून रस्त्याने पाचशेहून अधिक किलोमीटर दूर, मुंबईच्या ट्रॉम्बे किनाऱ्यावरच्या एका उपकरणाचा. पोलराइज्ड न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर हे त्याचे नाव. अणुभट्टीतून निघालेले न्यूट्रॉन चाळून, एकाच दिशेचे तेवढे निवडून, चुंबकीय पदार्थांवर सोडायचे आणि पदार्थाच्या आत अणूंची चुंबके कशी मांडली आहेत ते वाचायचे, हे त्याचे काम. त्याची वंशावळ शोधत मागे गेले की मूळपुरुष म्हणून समोर येतो तो हाच नाल्यातला काळा कण. या घराण्याची एक रीत मला फार लक्षणीय वाटते. इथे प्रत्येक पिढीत जो पदार्थ अभ्यासाचा विषय होता, तोच पुढच्या पिढीत अभ्यासाचे साधन झाला.

आधी सुईची, म्हणजे चुंबकमापकाची गोष्ट. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, तेव्हा त्यातल्या या कणांनी त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवली. तिची खूण फार क्षीण असते. ती मोजायला अतिशय हळवे चुंबकमापक लागते. असे एक यंत्र ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी बांधले होते, पण दुसऱ्याच कामासाठी. कुठलीही फिरती वस्तू केवळ फिरण्यामुळे चुंबक होते, असा तर्क त्यांनी १९४७ साली मांडला आणि तो तपासण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडकडून पंधरा किलोंचा सोन्याचा दंडगोल उसना आणला. तर्क खोटा ठरला. १९५२ साली ब्लॅकेट यांनी नकारात्मक निष्कर्षाचा प्रबंध सरळ छापून टाकला. सोने परत गेले, यंत्र उरले, आणि ते खडकांकडे वळले. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांतली दिशा मोजली. तीन वर्षांनी डॉइच यांच्यासोबत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा याच विषयावरचा प्रबंध आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम पुढेही चालू राहिले. लाव्हा ओतला गेला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि तिथून हजारो किलोमीटर सरकत उत्तरेला आला, हे भूखंड सरकतात हे बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य होण्याच्या आधी आपल्या काळ्या दगडाने सांगितले.

पण सुईला मर्यादा आहे. ती गोळाबेरीज सांगते. दगडाचे एकूण चुंबकत्व किती आणि कुठल्या दिशेला, एवढेच तिला कळते. ती बेरीज कुठल्या आकड्यांतून झाली हे तिला विचारून उपयोग नाही. आणि मॅग्नेटाइटच्या बाबतीत नेमके तेच कोडे होते.

मॅग्नेटाइटच्या एका रेणुसूत्रात लोहाचे तीन अणू असतात. त्यातल्या दोघांचे चुंबकत्व प्रत्येकी पाच एकके, तिसऱ्याचे चार. सगळे एका दिशेला उभे असतील तर बेरीज चौदा यायला हवी. मोजले की येते चारच्या थोडी वर. दहा एकके जातात कुठे? फ्रान्सच्या लुई नील यांनी १९४८ साली उत्तर सुचवले. लोहाचे अणू स्फटिकात दोन वेगळ्या प्रकारच्या जागी बसतात. एका जागेभोवती चार ऑक्सिजन, दुसरीभोवती सहा. पहिल्या जागेवरचा पाचाचा अणू एका दिशेला तोंड करून असतो आणि दुसऱ्या जागेवरचे पाच आणि चार उलट दिशेला. पाच वजा पाच, शिल्लक चार. हिशोब चोख होता, पण तो हिशोबच होता. स्फटिकात शिरून कोणी ते उलटसुलट उभे असलेले अणू पाहिलेले नव्हते. क्ष-किरणांना अणूंच्या जागा दिसत, त्यांची चुंबकदिशा त्या काळी दिसत नसे.

ती पाहू शकेल असा कण १९३२ साली जेम्स चॅडविक यांना सापडला होता. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, त्यामुळे तो इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून बिनधोक पार होतो आणि जाड नमुन्याच्याही आतपर्यंत पोचतो. आणि भार नसूनही तो स्वतः एक चिमुकला चुंबक आहे. हे जरा विचित्रच, पण खरे. लोहचुंबकाच्या अणूंवरून न्यूट्रॉन विखुरतील तेव्हा त्या विखुरण्यात अणूच्या चुंबकत्वाचाही वाटा असेल, आणि चुंबकित लोखंडातून पार होणारे न्यूट्रॉन काही प्रमाणात एका दिशेचे होतील, असे फेलिक्स ब्लॉख यांनी १९३६ साली लिहून ठेवले. १९३९ मध्ये हॅल्पर्न आणि जॉन्सन यांनी त्याचे सविस्तर गणित केले, आणि पुढच्याच वर्षी बर्कलेला अल्व्हारेझ आणि ब्लॉख यांनी ती लोखंडाची युक्ती वापरून न्यूट्रॉनचे चुंबकत्व मोजलेसुद्धा. म्हणजे ध्रुवित, अर्थात एका दिशेचे केलेले, न्यूट्रॉन अणुभट्टीपेक्षा वयाने मोठे आहेत. फक्त ते इतके विरळ होते की त्यांच्याकडून पदार्थांचा अभ्यास करून घेणे शक्य नव्हते.

भट्टी युद्धाने दिली. अमेरिकेत ओक रिजची ग्रॅफाइट भट्टी प्लुटोनियम बनवण्यासाठी उभी राहिली. युद्ध संपल्यावर अर्नेस्ट वोलन आणि क्लिफर्ड शल यांनी तिच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर येणारी न्यूट्रॉनांची शलाका स्फटिकांवर पाडायला सुरुवात केली. १९४९ साली शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडमध्ये शेजारशेजारचे अणू उलट दिशेला उभे असल्याचे दाखवले. १९५१ साली शल, वोलन आणि केलर यांनी मॅग्नेटाइट घेतले, आणि नील यांचा हिशोब जसाच्या तसा बरोबर निघाला. या कामाचे नोबेल शल यांना मिळायला १९९४ साल उजाडले. वोलन दहा वर्षांपूर्वीच वारले होते. नोबेलवाल्यांच्या घड्याळाबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, पण ही तक्रार मात्र रास्त आहे.

त्याच १९५१ च्या कामात आणखी एक गोष्ट लपलेली होती, आणि आपल्या वंशावळीचा खरा जन्म तिथे झाला. ती समजायला थोडे गणित सोसावे लागेल.

न्यूट्रॉन अणूवरून विखुरतो तो दोन कारणांनी. एक अणूचे केंद्रक, दुसरे त्याचे चुंबकत्व. साध्या शलाकेत न्यूट्रॉनांची तोंडे दोन्ही दिशांना असतात, त्यामुळे या दोन वाट्यांचे वर्ग होऊन त्यांची बेरीज होते. समजा केंद्रकाचा वाटा १ आहे आणि चुंबकत्वाचा त्याच्या एक दशांश. मग बेरीज १ अधिक ०.०१. चुंबकत्वामुळे फक्त एका टक्क्याचा फरक पडला. मोजमापाच्या गोंगाटात तो हरवून जाईल. आता सगळे न्यूट्रॉन एका दिशेचे घेतले तर दोन वाटे आधी एकमेकांत मिळवले जातात आणि मग वर्ग होतो. एका दिशेच्या न्यूट्रॉनांसाठी १.१ चा वर्ग, १.२१. दिशा उलटवली की ०.९ चा वर्ग, ०.८१. या दोहोंचे गुणोत्तर जवळपास दीडपट. एक टक्क्याची कुजबुज पन्नास टक्क्यांच्या आवाजात ऐकू आली. ध्रुवित न्यूट्रॉनांचा सगळा मोह या एका हिशोबात आहे.

आता प्रश्न उरतो न्यूट्रॉन एका दिशेचे करायचे कसे. हिशोबच उत्तर देतो. दोन्ही वाटे अगदी सारखे असतील, तर उलट दिशेच्या न्यूट्रॉनांसाठी १ वजा १ होऊन शून्य उरते. म्हणजे असा स्फटिक एकाच दिशेचे न्यूट्रॉन परतवतो आणि बाकीचे जाऊ देतो: न्यूट्रॉनांची चाळणी. निसर्गाने हा योग मॅग्नेटाइटमध्ये जुळवून ठेवला आहे. त्याच्या स्फटिकात प्रतलांचा एक संच असा आहे की त्यावरून होणाऱ्या परावर्तनात फक्त चार ऑक्सिजनवाल्या जागेवरचे लोहअणू भाग घेतात, आणि तिथे केंद्रकाचा वाटा व चुंबकत्वाचा वाटा जवळजवळ समसमान पडतात. ज्या पदार्थाचे कोडे सोडवायला न्यूट्रॉन वापरले, तोच पदार्थ न्यूट्रॉन चाळायला उपयोगी पडला.

यानंतर घराणे भराभर वाढले. मॅग्नेटाइटचे चांगले मोठे स्फटिक दुर्मीळ, आणि शलाकाही त्यातून क्षीण निघे. मग कोबाल्टमध्ये आठ टक्के लोह घातलेल्या मिश्रधातूचा स्फटिक आला. १९५९ साली नेथन्स, शल, शिराने आणि आंद्रेसेन यांनी ध्रुवित न्यूट्रॉन वापरून लोह आणि निकेलमधले चुंबकत्व अणूभोवती कसे पसरलेले असते ते मोजले. पुढची पिढी ह्यूस्लर मिश्रधातूची. तांबे, मँगनीज आणि अॅल्युमिनियम. तिन्ही धातू स्वतंत्रपणे चुंबकाला दाद देत नाहीत, पण एकत्र वितळवले की मिश्रधातू लोखंडासारखा चुंबकाला चिकटतो. फ्रीडरिश ह्यूस्लर यांनी १९०३ साली हे जाहीर केले तेव्हा ते निव्वळ कुतूहल होते. साठ-सत्तर वर्षांनी त्याचेच स्फटिक जगभरच्या न्यूट्रॉन प्रयोगशाळांत चाळणी म्हणून बसले. १९६९ मध्ये ओक रिजलाच मून, रिस्ते आणि केलर यांनी नमुन्याच्या पुढे दुसरी चाळणी लावली. न्यूट्रॉन आत शिरताना कुठल्या दिशेचा होता आणि बाहेर पडताना कुठल्या, हे दोन्ही आता कळू लागले. स्पेक्ट्रोमीटरचा सांगाडा तिथे पुरा झाला.

ट्रॉम्बेला हे घराणे आले ते एका तरुण शास्त्रज्ञाच्या हातून. अप्सरा ही एक मेगावॅटची, पाण्याच्या टाकीत बुडवलेली भट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. त्याच सुमारास पी. के. अय्यंगार कॅनडातल्या चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याकडे गेले आणि जर्मेनियमच्या स्फटिकातली अणूंची थरथर न्यूट्रॉनांनी मोजायला शिकले. ब्रॉकहाउस म्हणजे शल यांच्याबरोबर १९९४ च्या नोबेलचे वाटेकरी. अय्यंगार परतले ते उपकरणे आपली आपण बांधायची हे ठरवून. परदेशातून तयार यंत्र मागवायला परकीय चलन कुठे होते? आणि खरे सांगायचे तर तेव्हा अशी यंत्रे दुकानात मिळतही नव्हती. जगात ज्यांच्याकडे होती त्यांनी ती स्वतःच्या वर्कशॉपमध्ये केलेली होती. ट्रॉम्बेच्या वर्कशॉपनेही तेच केले. शिसे आणि पॅराफिनचे जड कवच, त्यात स्फटिक फिरवणारे टेबल, आणि अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत कोन धरणारे दातेरी चक्र.

जुलै १९६० मध्ये सायरस ही ४० मेगावॅटची भट्टी चालू झाली, तेव्हा पुरेसे न्यूट्रॉन हाती आले. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने न्यूट्रॉन विखुरण्यावरची परिषद मुंबईत भरवली. स्वातंत्र्याला सतरा वर्षे झालेल्या देशाला हा मान सहज मिळालेला नव्हता. याच दशकात ट्रॉम्बेला बनलेला एक स्पेक्ट्रोमीटर फिलिपाइन्सला गेला आणि तिथले शास्त्रज्ञ ट्रॉम्बेला येऊन शिकले. यंत्र आयात करण्याऐवजी आपण निर्यात केले, ही गोष्ट आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत कुठेही नाही.

चुंबकीय पदार्थांचे काम मुख्यतः एन. एस. सत्यमूर्ती यांच्या गटाने उचलले. त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रबंध १९६९ साली फिजिकल रिव्ह्यूमध्ये आला. सत्यमूर्ती, फिलिपाइन्सचे नातेरा, युसेफ, बेगम आणि पवईच्या आयआयटीचे सी. एम. श्रीवास्तव, असे पाच लेखक. विषय होता निकेल-जस्त फेराइट. फेराइट हे मॅग्नेटाइटचेच सख्खे भाऊ. काही लोहअणूंच्या जागी निकेल, जस्त, मँगनीज बसवलेले. त्या काळी प्रत्येक ट्रान्झिस्टर रेडिओत काळ्या कांडीवर तांब्याची तार गुंडाळलेला अँटेना असे, ती कांडी फेराइटची. रेडिओ सिलोन ऐकणाऱ्या महाराष्ट्राच्या घराघरात हा पदार्थ पोचलेला होता.

कोडे असे होते. जस्ताला चुंबकत्व नाही. तरी निकेल फेराइटमध्ये जस्त घालत गेले तर चुंबकत्व आधी वाढते. नील यांच्या हिशोबात याचे उत्तर आहे: जस्त चार ऑक्सिजनवाल्या जागी जाऊन बसते, तिथला विरोध कमी होतो, म्हणून दुसऱ्या बाजूची शिल्लक वाढते. पण हाच हिशोब पुढे रेटला तर पूर्ण जस्त भरल्यावर शिल्लक दहा एककांवर जायला हवी, आणि प्रत्यक्षात अर्ध्याच्या आसपास गाडी अडते व मग चुंबकत्व घसरते. शुद्ध जस्त फेराइट तर खोलीच्या तापमानाला चुंबकच नसते. याफेट आणि किट्टेल या दोघांनी १९५२ साली तर्क केला होता की विरोध ढिला पडला की सहा ऑक्सिजनवाल्या जागेवरचे अणू आपसातच भांडू लागतात, त्यांचे दोन गट होतात आणि दोघे मिळून इंग्रजी व्ही अक्षरासारखे एकमेकांपासून कलतात. कललेल्या बाणांची बेरीज सरळ बाणांपेक्षा कमी. ट्रॉम्बेच्या पाच जणांनी वेगवेगळ्या प्रमाणात जस्त घातलेल्या फेराइटांवर न्यूट्रॉन पाडून हे कोन खरोखर असल्याचे दाखवले. फेराइटवर काम करणारे लोक आजही त्या प्रबंधाचा दाखला देतात. कोल्हापूर आणि औरंगाबादच्या विद्यापीठांत पुढच्या काळात फेराइटवर ज्या पीएचड्या झाल्या, त्यातल्या कित्येकांच्या संदर्भयादीत तो सापडेल.

सायरसबद्दल आपल्याला आठवते ते वेगळेच. १९७४ च्या पोखरण स्फोटाचे प्लुटोनियम तिथून आले. त्यानंतर कॅनडाने सहकार्य तोडले. त्या एका गोष्टीच्या सावलीत भट्टीच्या दुसऱ्या बाजूला बसून अणूंचे कोन मोजणारी माणसे दिसेनाशी झाली. मला हे अन्यायाचे वाटते. सायरस ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद झाली तेव्हाच्या बातम्यांतही त्यांचा उल्लेख अपवादानेच होता.

ध्रुवित शलाकेची निगा राखणे हे एक वेगळेच कसब आहे. न्यूट्रॉन एका दिशेचे केले म्हणजे काम संपले असे होत नाही. वाटेत कुठे भलते चुंबकक्षेत्र आले, लोखंडी खांब, मोटार, क्रेन, की त्यांच्या दिशा विस्कटू लागतात. म्हणून शलाकेच्या पूर्ण वाटेवर दोन्ही बाजूंनी चुंबके लावून एक ठरावीक क्षेत्र राखावे लागते आणि न्यूट्रॉन त्याच्या आधाराने चालतात. मध्ये एक वेटोळे ठेवलेले असते. त्यातला विद्युतप्रवाह चालू केला की पार होणाऱ्या न्यूट्रॉनची दिशा बरोबर उलटते. सव्वा अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा न्यूट्रॉन सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. सेंटिमीटरभर जाडीच्या वेटोळ्यात तो सेकंदाचे तीन दशलक्षांश भाग राहतो, आणि तेवढ्यात त्याने अर्धी गिरकी पुरी करायची. कमी नाही, जास्त नाही.

भटक्या चुंबकक्षेत्राशी मुंबईचे वैर जुने आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथले संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले की आता सुया स्थिर राहायच्या नाहीत. १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली, इमारतीत लोखंड येणार नाही अशी काळजी घेऊन. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन मग कुलाब्याचे काम थांबवले. अलिबागने बाहेरचे क्षेत्र टाळले. ट्रॉम्बेच्या लोकांना भट्टी, क्रेन आणि लोखंड टाळणे शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी न्यूट्रॉनला स्वतःचे क्षेत्र बरोबर दिले.

८ ऑगस्ट १९८५ रोजी ध्रुव ही १०० मेगावॅटची भट्टी सुरू झाली. आराखडा आणि बांधणी पूर्णपणे आपली. अनिल काकोडकर त्या कामातले एक प्रमुख अभियंते. सुरुवातीला इंधनाचे गठ्ठे पाण्याच्या झोतात थरथरू लागले आणि भट्टी पुऱ्या ताकदीने चालवता येईना. तो दोष शोधून दुरुस्त व्हायला वेळ गेला; १९८८ च्या जानेवारीत पूर्ण क्षमता गाठली. न्यूट्रॉनांचा ओघ सायरसच्या जवळपास तिप्पट झाला, आणि ध्रुवच्या एका शलाकेवर नवा ध्रुवित न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर बसला. पहिली चाळणी ह्यूस्लर मिश्रधातूची, नमुन्यानंतरची कोबाल्ट-लोहाची. घराण्याच्या दोन पिढ्या एकाच टेबलावर. एस. एम. युसूफ आणि एल. माधव राव यांनी १९९६ मध्ये प्रमाण या भारतीय नियतकालिकात त्याची हकीकत लिहिली.

या यंत्रावर जे तंत्र रुजले ते उलट्या विचाराचे आहे. शलाकेची दिशा विस्कटू नये म्हणून इतका आटापिटा करायचा, आणि मग मुद्दाम ती नमुन्यातून नेऊन किती विस्कटते ते मोजायचे. साध्या लोहचुंबकाच्या आत छोटे छोटे प्रदेश असतात, प्रत्येकाची चुंबकदिशा वेगळी. न्यूट्रॉन त्यातून जाताना प्रत्येक प्रदेशात थोडा थोडा वळतो आणि बाहेर येईपर्यंत सगळ्यांच्या दिशा भरकटलेल्या असतात. पण पदार्थ तापून चुंबकत्व गेले असेल, किंवा त्यातले अणू कुठल्याही पॅटर्नशिवाय गोठलेले असतील, ज्याला भौतिकशास्त्रात स्पिन ग्लास म्हणतात, तर न्यूट्रॉनला धरून ठेवणारे मोठे प्रदेशच नसतात आणि शलाका जशी गेली तशी बाहेर येते. म्हणजे एका आकड्यावरून कळते की पदार्थात खरा चुंबकी क्रम आहे, की नुसतेच मोजमापात तसे भासते. एखाद्या मायक्रॉनच्या आसपासचे प्रदेश कसे आहेत याचा अंदाजही त्यातून काढता येतो. स्फटिकातल्या अणूंपेक्षा हे हजारो पटींनी मोठे, आणि नुसत्या डोळ्याला दिसण्याइतके मात्र मोठे नाही. ही मधली पट्टी नेमकी या यंत्राच्या वाट्याला येते.

१९९० नंतर जगभर मँगनीजच्या एका ऑक्साइडकुळाचे वेड लागले. चुंबकक्षेत्रात ठेवले की त्यांचा विद्युतरोध एकदम कोसळतो. त्यांच्यात खरा लोहचुंबकी क्रम कुठे संपतो आणि तुटक तुकडे कुठे सुरू होतात, हा वादाचा मुद्दा होता, आणि ध्रुववरच्या या शलाकेने त्या वादात बरीच साक्ष दिली. तापमान बदलले की चुंबकत्वाचे ध्रुव उलटणारे पदार्थही ट्रॉम्बेतच अभ्यासले गेले. निळ्या शाईत आणि रंगात वापरतात त्या प्रशियन ब्लूच्या कुळातले हे रेणू. युसूफ, कुमार आणि याख्मी यांनी २००९ साली त्यांच्यातली ही उलटापालट तापमान आणि क्षेत्र दोन्हींनी हवी तशी घडवता येते असे दाखवले. मागे वळून पाहिले तर इथेही नील यांचाच हिशोब आहे. दोन विरोधी गट, आणि तापमानागणिक त्यांची ताकद वेगवेगळ्या गतीने ढळते. एका क्षणी दोघे बरोबरीत येतात, आणि मग हरणारा जिंकू लागतो.

सगळ्यात अलीकडची शाखा पातळ थरांची. १९८८ साली लोह आणि क्रोमियमच्या काही अणूंइतक्या पातळ थरांच्या रचनेत विद्युतरोध चुंबकक्षेत्राने खूप बदलतो असे आल्बेर फेर्त आणि पीटर ग्रुनबर्ग यांना स्वतंत्रपणे आढळले. संगणकाच्या हार्ड डिस्क त्यामुळे भरमसाट माहिती धरू लागल्या आणि २००७ चे नोबेल त्यांना मिळाले. या थरांच्या आत कुठला थर कुठल्या दिशेला चुंबकित आहे हे पाहायला ध्रुवित न्यूट्रॉन अंशाहूनही कमी कोनात पृष्ठभागाला खेटून सोडतात आणि परत येणारे मोजतात. ध्रुवच्या शलाकांवर सैबाल बसू आणि सहकाऱ्यांनी असा रिफ्लेक्टोमीटर उभा केला. आणि घराण्याची रीत इथेही चुकली नाही. हंगेरीच्या फेरेंक मेझेई यांनी १९७६ साली कल्पना मांडली होती की बदलत्या जाडीच्या चुंबकी व बिनचुंबकी थरांची रास रचली तर ती एका दिशेच्या न्यूट्रॉनांसाठी उत्तम आरसा होईल. आज असे थरांचे आरसे, म्हणजे सुपरमिरर, चाळणीचे काम करतात. थर अभ्यासायला थरच वापरायचे.

विद्यापीठांतले लोक या यंत्रापर्यंत पोचतात ते यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाच्या संयुक्त केंद्रामार्फत. १९८९ च्या सुमारास सुरू झालेल्या या व्यवस्थेची एक शाखा मुंबईत आहे. नमुना आपल्या प्रयोगशाळेत करायचा, प्रस्ताव लिहायचा, शलाकेचा वेळ मंजूर झाला की ट्रॉम्बेला जायचे. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या महाविद्यालयात ऑक्साइडच्या पुडीला हजारभर अंशांवर भाजून केलेली गोळी अशी भट्टीसमोर जाऊन बसते. एका बैठकीत कधी कधी कित्येक दिवस लागतात, कारण ध्रुवित शलाका चाळून घेतल्यामुळे अर्ध्याहून अधिक न्यूट्रॉन आधीच गमावलेले असतात, आणि वर नमुना थंड करत करत एकेका तापमानाला आकडे जमवायचे असतात.

परदेशातल्या मोठ्या केंद्रांत मात्र आता असा एक चाळणीचा प्रकार आला आहे की त्यात चुंबक पदार्थ लागतच नाही. हेलियम-३ हा वायू एका दिशेचे न्यूट्रॉन गिळतो आणि दुसऱ्या दिशेचे सोडून देतो. फक्त त्याच्या केंद्रकांची तोंडे लेझरच्या मदतीने आधी एका दिशेला वळवून घ्यावी लागतात. काचेच्या कुपीत भरलेला हा वायू स्फटिकापेक्षा रुंद शलाका सांभाळतो, आणि तरंगलांबीचाही फारसा हट्ट धरत नाही. पण वायू दुर्मीळ. तो मिळतो ट्रिटियमच्या क्षयातून, आणि ट्रिटियम साठवले गेले ते मुख्यतः अण्वस्त्रांसाठी. अर्धे ट्रिटियम बारा वर्षांत हेलियम-३ होते. अण्वस्त्रांची संख्या घटली, ट्रिटियम कमी झाले, आणि त्याच वेळी बंदरांवर किरणोत्सारी माल शोधणाऱ्या यंत्रांत हा वायू वारेमाप खर्च होऊ लागला. २००८-०९ च्या सुमारास टंचाई जगाच्या लक्षात आली. ओक रिजच्या भट्टीपाशी सुरू झालेले हे घराणे बॉम्बच्या कारखान्यापासून दूर गेले, आणि एवढ्या पिढ्यांनंतर त्याच कारखान्याच्या उरलेल्या वायूसाठी पुन्हा दाराशी उभे आहे. कुपीतली तोंडे एका दिशेला टिकवायची, तर तिच्याभोवतीही एकसारखे चुंबकक्षेत्र राखावेच लागते.